बैसा

बाबांनी मला मराठी शिकवलं रात्री जेवताना,
शाळेत ते नव्हतंच.
म्हणाले, जुन्या भाषेत 'बैसा' म्हणजे बसा.
इथे रुवीत हजार बैसे मिळून एक रियाल होतो
आणि त्यातला एकही घडीभर बसत नाही.

दहावीच्या निकालादिवशी मी मागितला
बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा.
आईला वाटलं, कानातले ठेवायला.

वरच्या मजल्यावर फैझान आणि त्याचा भाऊ,
दोघं अपूर्णांकांना घाबरणारे.
तासाला एक रियाल.
धाकटा रडला तर अर्धाच.
हा नियम मी केला, आणि मग
त्याला हसवण्यातच तास जायला लागले.

शाळेची बस सोडली, ऑक्टोबर ते मार्च.
दार्सैतपर्यंत चाळीस मिनिटं,
डोंगर अजून राखेच्या रंगाचे,
मशिदीपाशी पाण्याचा फवारा, फुकट गार.
एप्रिलमध्ये मात्र बूट डांबराला चिकटले
आणि बचतीपेक्षा बूट महाग निघाले.

फिजिक्सच्या पुस्तकात माझ्याआधीची तीन नावं:
शीबा कुरियन,
तिच्याखाली रुक्साना,
मग कुणी टी. के., ज्यानं
प्रत्येक धड्याच्या शेवटी विमान काढलंय.
चौथं नाव मी घातलं नाही.
नाव नसलं की पुस्तकाला अर्धा रियाल जास्त येतो.

सगळ्यात कडक शिशाची पेन्सिल घेतली.
गणितं सोडवली ती फुंकर मारल्यासारखी,
पुढच्या वर्षी पुसून टाकता यावीत म्हणून.
पुढे वहीतही तसंच उमटायला लागलं.
सर म्हणाले, "लाड, हे अक्षर आहे की अक्षराची सावली?"

पुण्याहून मावसभावानं कॉलेजचं पत्रक पाठवलं.
'परदेशस्थ' रकान्यात फी डॉलरमध्ये.
मी परदेशस्थ माणूस डोळ्यांसमोर आणून पाहिला:
दुपारी दोनला दुसऱ्याच्या गच्चीवर,
दुसऱ्याचा एसी उघडून बसलेला,
डोक्यावर ओला पंचा.
खाली बारीक टाइपात:
आखातातल्या कामगारांच्या मुलांसाठी काही जागा,
फी तिकडच्या मुलांइतकीच.
किती जागा, ते पुढल्या पानावर.
पुढलं पान उघडत नव्हतं.

फॉर्मसाठी बाबांच्या कार्डाची प्रत हवी होती.
निळ्या फाइलीत ती सापडली, आणि तिच्यामागे
कंपनीचे तीन कागद, तीन वर्षांचे:
रजेचं तिकीट घेतलं नाही, रक्कम अदा.
"यंदा साइट सोडता येत नाही गं,"
तिन्ही वर्षं हेच वाक्य.
आत्याचं लग्न त्यांनी फोनवर पाहिलं होतं,
फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून,
अक्षता टाकायच्या वेळी उभे राहून.

माझ्या डब्यात तेव्हा एकशे बारा रियाल होते.
हिशेब मला येतो. तो त्या दिवशी केला नाही.
टाचणी जिथे होती तिथेच परत लावली.
आमच्याकडे बचत अशीच होते,
ज्याची त्यानं,
दुसऱ्याच्या झोपेला धक्का न लावता.

परीक्षेत पेन.
पहिलं उत्तर लिहिलं आणि उलटून पाहिलं
तर मागच्या पानावर बोट फिरवून वाचता येत होतं.
तीन तास मी तसंच दाबून लिहिलं.

एप्रिलअखेर पुस्तक विकायला काढलं.
खोडरबराचा चुरा चादरभर.
टी. के.ची विमानं पुसवली नाहीत,
आणि माझी एक ओळ ठेवली, पान दोनशे सहा:
'छापलेलं उत्तर चुकलंय. तुझं बरोबर आहे.'

घेणाऱ्या मुलीच्या आईनं पानं चाळली.
"लिहिलेलं आहे," म्हणाली. दोनशे बैसे कमी.
मुलगी मान वाकडी करून तेच पान वाचत होती.
बरं, म्हटलं.
दोनशे कमी.